कोरोनात सरकारवर हिंगोलीकर खूश होते का? रेशन, लस, बेड आणि बिलाचा हिशोब

हिंगोली : कोरोनाच्या काळात सरकारचं आरोग्य धोरण कसं होतं, असं गावात कुणालाही विचारा. पारावर पाच जण बसलेले असतील तर पाच उत्तरं येतील. ज्याला फुकट तांदूळ-गहू मिळाले तो म्हणेल, बरं केलं सरकारनं. ज्याच्या घरचं माणूस नांदेडला नेता नेता गेलं, त्याच्यासमोर हा विषय काढायचीही सोय नाही. आणि एखादी बाई म्हणेल, कुठलं सरकार, आमची आशाताई होती म्हणून निभावलं.

ही सगळीच उत्तरं खरी आहेत. कारण 'सरकारचं धोरण' म्हणून एकच एक गोष्ट गावापर्यंत आली नाही. रेशन वेगळ्या खात्यातून आलं, लस वेगळ्या, संचारबंदीचा आदेश कलेक्टर ऑफिसातून आणि दवाखान्याचं बिल खाजगी डॉक्टरच्या काउंटरवरून. त्यामुळं लोक समाधानी होते का, हा प्रश्न एका हो-नाहीत सुटत नाही. एकेक दार उघडून बघावं लागतं.

एक गंमत आधी सांगतो. मे-जून २०२० मध्ये आयसीएमआरनं देशभर रक्ताचे नमुने घेऊन कोरोना किती पसरला याचा सर्व्हे केला. महाराष्ट्रातून सहा जिल्हे निवडले होते : बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव आणि तेव्हाचं अहमदनगर. आपल्या एका बाजूला परभणी, दुसऱ्या बाजूला नांदेड. दोन्हीकडं सर्व्हे झाला, मधली हिंगोली राहिली. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला, २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख लोकसंख्येचा हा जिल्हा. नमुन्यात येणं न येणं हा नशिबाचा भाग, त्यात कुणाचा दोष नाही. पण आपलं म्हणणं कुणी मोजत नाही ही इथली भावना जुनीच आहे, आणि पुढचं सगळं वाचताना ती ध्यानात ठेवा.

पहिली लाट : भीती जास्त, आजार कमी

राज्यात पहिला रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडला. २५ मार्चपासून देश बंद. हिंगोलीत आकडा वाढला तो गावातून नव्हे, राज्य राखीव दलाच्या जवानांमुळं. मालेगाव आणि मुंबईत बंदोबस्ताला गेलेले इथल्या दलाचे जवान परत आले आणि तपासणीत एकामागून एक पॉझिटिव्ह निघाले. बंदोबस्त सरकारनं लावला, तिथं त्यांना आजार सरकारी कामावर असताना झाला, आणि गावात मात्र काही दिवस त्यांच्याकडंच बोट दाखवलं गेलं. ते चूक होतं.

तेव्हा तपासणीची सोय जिल्ह्यात नव्हती. स्वॅब आधी औरंगाबादला जायचे, मग नांदेडला. रिपोर्ट येईपर्यंत माणूस शाळेत नाहीतर वसतिगृहात क्वारंटाइन. पुण्या-मुंबईहून आलेली लेकरं गावच्या शाळेत, आणि माय बाहेरून डबा देऊन जाते, हे चित्र त्या उन्हाळ्यात गावोगाव होतं.

तरीही त्या वर्षी लोकांचा राग फार नव्हता. याचं मोठं कारण रेशन. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत एप्रिल २०२० पासून माणशी ५ किलो धान्य फुकट सुरू झालं, सुरुवातीला कुटुंबाला १ किलो डाळही होती. मधले काही महिने खंड पडला, पण ही योजना डिसेंबर २०२२ पर्यंत चालली. जनधन खातं असलेल्या बायांना तीन महिने ५००-५०० रुपये आले. रक्कम लहान होती, पण आली. मध्ये कुणाला हात पसरावे लागले नाहीत. सरकारी योजनेबद्दल गावात चांगलं बोललं जातं ते अशाच ठिकाणी, जिथं खात्यावर मेसेज येतो किंवा पिशवीत माल पडतो.

आशाताईंच्या जीवावर

१५ सप्टेंबर २०२० ला राज्यानं 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम काढली. घरोघर जायचं, ताप बघायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचं, शुगर-बीपीचे जुने पेशंट लिहून घ्यायचे. कागदावर योजना चांगली होती. गावात ती राबवली आशाताईंनी, अंगणवाडीच्या ताईंनी आणि उपकेंद्रातल्या सिस्टरनी.

मोहिमेच्या नावावर तेव्हाही बोललं गेलं. कुटुंब माझं, जबाबदारी माझी, मग सरकारची कोणती, असं लोक हसत विचारायचे. पण घरी आलेल्या आशाताईला कुणी परत पाठवलं असं फारसं झालं नाही. सुरुवातीला काही घरांनी दार लावलं, कारण नाव लिहिलं की उचलून नेतात अशी भीती होती. ती भीतीही आशाताईंनीच मोडली, कारण त्या गावच्याच. कुणाची सून, कुणाची वहिनी.

त्यांना मिळालं काय? कोरोनाच्या कामासाठी केंद्राकडून महिन्याला १,००० रुपये. भागिले तीस करा, दिवसाला ३३ रुपये येतात. १५ जून २०२१ पासून राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा कुठं सरकार बोलायला बसलं. आठवडाभरात तडजोड झाली : १ जुलैपासून १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता.

लोकांनी ज्या कामाला सगळ्यात जास्त मार्क दिले असते, त्या कामाला सरकारनं सगळ्यात कमी पैसे दिले. हे माझं मत आहे, पण पगाराची स्लिप बघितली तर दुसरं काही म्हणता येत नाही.

मार्च ते मे २०२१

खरी परीक्षा दुसऱ्या लाटेत झाली. त्याआधीचा क्रम आठवा. १५ जानेवारी २०२१ ला राज्यात १४ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींचं मतदान झालं, आपल्या जिल्ह्यातही. दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारीला देशात लसीकरण सुरू झालं. प्रचाराला, गुलालाला, जेवणावळीला कुणी मास्क लावला होता का, ते ज्याचं त्यानं आठवावं.

फेब्रुवारीत आकडे वाढले. तत्कालीन जिल्हाधिकारी रुचेश जयवंशी यांनी १ ते ७ मार्च संचारबंदी लावली. हा हळद काढणी-शिजवणीचा आणि हरभऱ्याच्या राशीचा काळ. शेतातलं काम अडवता येत नाही आणि बाजार बंद. वसमत-हिंगोलीच्या हळदीवर ज्यांचं वर्षाचं गणित चालतं, त्यांना त्या आठवड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१४ एप्रिल २०२१ च्या रात्री ८ पासून राज्यभर 'ब्रेक द चेन' लागलं. त्यासोबत राज्यानं मदतीचं पॅकेज जाहीर केलं : नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षावाले, नोंदणीकृत फेरीवाले यांना १,५०० रुपये, आदिवासी कुटुंबांना खावटीचे २,००० रुपये. कळमनुरी-औंढ्याकडच्या आदिवासी पाड्यांना खावटीचा आधार होता. पण यादी परत वाचा. शेतमजूर त्यात नव्हता. ज्या जिल्ह्यात दहापैकी साडेआठ माणसं खेड्यात राहतात, तिथं शेतमजूर सोडून केलेली यादी मुंबईच्या टेबलावर बसून केली हे उघड दिसतं.

एप्रिलमध्ये गावात नवीन शब्द आला, 'स्कोअर'. "स्कोअर किती आला?" म्हणजे छातीचं सीटी स्कॅन, पंचवीसपैकी किती. आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायला दिवस लागायचे, स्कॅनचा तासाभरात यायचा. लोक थेट स्कॅनला पळाले. सरकारनं सप्टेंबर २०२० मध्येच स्कॅनचे दर मशीनप्रमाणं २,००० ते ३,००० रुपये ठरवून दिले होते. आरटीपीसीआरही ४,५०० वरून उतरत मार्च २०२१ अखेर ५०० रुपयांवर आली होती. हे दोन निर्णय चांगले होते आणि लोकांना त्याचा फायदा झाला, हे लिहिलं पाहिजे.

मग रेमडेसिविर. या इंजेक्शनसाठी हिंगोली, नांदेड, परभणीच्या मेडिकलसमोर रात्रभर माणसं उभी होती. कळमनुरीचे आमदार संतोष बांगर यांनी आपली ९० लाखांची एफडी मोडून जिल्ह्यासाठी इंजेक्शनं आणायला पैसे दिल्याची बातमी तेव्हा देशभर गाजली. लोकांनी कौतुक केलं, साहजिक आहे. पण जरा थांबून विचार करा. आमदाराला स्वतःची एफडी मोडून औषध आणावं लागत असेल, तर सरकारी खरेदी कुठं होती? आणखी एक गोष्ट गावापर्यंत कधी पोचलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं की दवाखान्यात भरती झालेल्यांना या औषधानं जीव वाचतो असा पुरावा दिसत नाही, म्हणून ते देण्याची शिफारस आम्ही करत नाही. पाच महिन्यांनी आपण त्याच्यासाठी दागिने गहाण टाकत होतो. चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी लिहिली, नातेवाईक पळाले. नातेवाइकांना दोष कसा द्यायचा? डॉक्टर म्हणतो आणा, तर लेकरू म्हणेल का नाही आणत?

ऑक्सिजनचं बघा. आपल्यासारखाच मागास म्हणून ओळखला जाणारा नंदुरबार. तिथं जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी सप्टेंबर २०२० मध्ये, पहिली लाट उतरत असताना, हवेतून ऑक्सिजन बनवणारा पहिला प्लांट बसवला. पुढच्या लाटेआधी आणखी बसवले. एप्रिल २०२१ मध्ये राज्यभर टँकरची वाट बघणं सुरू होतं, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिलला गळतीमुळं पुरवठा तुटून वीसहून अधिक रुग्ण गेले, तेव्हा नंदुरबार स्वतःच्या प्लांटवर चालत होतं. डोंगराळ, आदिवासी जिल्हा, फार पैसा नाही. म्हणजे आधी तयारी करणं शक्य होतं. 'कुणालाच कल्पना नव्हती' हे उत्तर निदान ऑक्सिजनच्या बाबतीत चालत नाही.

त्याच लाटेत कळमनुरीचे खासदार राजीव सातव गेले. १६ मे २०२१, वय ४६. पुण्यात उपचार चालू होते. २०१४ ते २०१९ ते हिंगोलीचे लोकसभेचे खासदार होते, नंतर राज्यसभेवर. त्या दिवशी जिल्ह्यात अनेकांच्या तोंडी एकच वाक्य होतं : त्यांना वाचवता आलं नाही, तर आपलं काय? शासनाच्या कुठल्याही जाहिरातीनं ती भीती निघाली नाही.

बिल : इथंच सगळं बिघडलं

समाधानाचा खरा निकाल लागला तो डिस्चार्जच्या काउंटरवर. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

सरकारनं दोन गोष्टी केल्या होत्या. पहिली, मे २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्यांना खुली केली. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशन कार्ड चालेल. दुसरी, त्याच महिन्यात खाजगी दवाखान्यांचे दर बांधले. ८० टक्के बेड सरकारी दरानं, २० टक्के त्यांच्या दरानं. साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह आयसीयू ९,०००. यात बेड, नर्सिंग, डॉक्टरची व्हिजिट, जेवण, साध्या तपासण्या, साधी औषधं धरलेली. पीपीई किट, महागडी इंजेक्शनं, सीटी स्कॅन वेगळं.

ऐकायला छान आहे. आता गावातून बघा.

फुले योजना फक्त योजनेत नोंद असलेल्या दवाखान्यातच चालते. एप्रिलमध्ये रात्री दोन वाजता ऑक्सिजन ८२ वर आलेला माणूस गाडीत घालून जो बेड मिळेल तिथं टाकत होते. तो दवाखाना यादीत आहे का, हे कोण बघणार? बरं, यादीतल्या दवाखान्यातही योजनेत ठरलेली पॅकेजं असतात. ऑक्सिजन-व्हेंटिलेटर लागणाऱ्या गंभीर रुग्णाला ती बसायची, नुसत्या ताप-खोकल्यानं भरती झालेल्याला नाही. हे कुणी समजावून सांगितलं नाही. लोकांनी टीव्हीवर ऐकलं 'सगळ्यांना मोफत', आणि काउंटरवर ऐकलं 'तुमचं बसत नाही'. आधी ऐकलेल्यामुळं दुसरं जास्त लागलं.

दरांचं आणखी एक. मुंबईला जो दर, तोच तालुक्याच्या गावाला, असं पहिलं वर्षभर चाललं. शहर-गाव वेगळे दर आले ते १ जून २०२१ पासून. आपल्यासारख्या 'क' वर्गातल्या भागाला वॉर्ड २,४००, आयसीयू ४,५००, व्हेंटिलेटर ५,४००. हिशोब करा. दहा दिवस वॉर्डात राहिलेल्याचं सरकारी दरानंच ४०,००० व्हायचं, ते नव्या दरानं २४,०००. व्हेंटिलेटरवर दहा दिवस, ९०,००० च्या जागी ५४,०००. म्हणजे पेशंटमागं १६ ते ३६ हजारांचा फरक. आणि हा आदेश निघाला कधी? लाट एप्रिलच्या शेवटी शिखरावर होती. जूनपर्यंत बेड रिकामे व्हायला लागले होते. ज्यांनी बिल भरायचं ते भरून मोकळे झाले होते, काहींनी तर सोयाबीनच्या बियाण्याचे पैसे त्यात घातले होते.

आणि ठरलेला दर तरी कुठं पाळला गेला? जन आरोग्य अभियान आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीनं राज्यात अडीच हजारांहून जास्त रुग्णांच्या घरच्यांकडून माहिती घेतली. त्यात जवळपास ७५ टक्के लोकांकडून ठरल्यापेक्षा जादा पैसे घेतल्याचं दिसलं. बिल तपासायला सरकारनं ऑडिटर नेमले होते, पण त्यांच्याकडं जायचं असतं हेच किती जणांना माहीत होतं? कच्च्या चिठ्ठीवर आकडा, पक्की पावती नाही. पावती नसेल तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? आपल्या लोकांची आणखी एक अडचण. सेनगावचा माणूस रिसोड-वाशीमला नाहीतर अकोल्याला जातो, वसमतचा नांदेडला, औंढ्याचा परभणीला. उपचार एका जिल्ह्यात, तक्रार ऐकणारा दुसऱ्या जिल्ह्यात. पुन्हा एसटीचं भाडं घालून तिकडं कोण जाणार?

सगळे खाजगी डॉक्टर असे नव्हते, हेही खरं. तालुक्याच्या गावात रात्रंदिवस दवाखाना उघडा ठेवून उधारीवर औषध देणारेही होते, त्यातले काही स्वतः आजारी पडले. पण धोरण चांगल्या माणसाच्या भरवशावर सोडायचं नसतं, त्यासाठीच तर दर बांधतात.

लस : आधी नको, मग पाहिजे, मग मिळेना

लसीची गोष्ट थोडक्यात. १६ जानेवारी २०२१ ला सुरुवात, मार्चमध्ये साठीच्या वरचे, एप्रिलमध्ये पंचेचाळीसच्या वरचे, १ मेपासून अठरा वर्षांवरचे सगळे. गावात पहिल्यांदा नकोच होती. लस घेतली आणि ताप आला, अमुक गावात माणूस गेला, अशा गोष्टी व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. दुसऱ्या लाटेत मरणं बघितल्यावर तीच माणसं रांगेत उभी राहिली. तेव्हा लस नव्हती.

त्यात कोविनचं ॲप. मोबाईलवर स्लॉट, ओटीपी, आणि पहिले काही महिने मराठी नाही. मराठी आली जून २०२१ मध्ये. शहरातली पोरं पटापट बटण दाबून खेड्यातल्या केंद्राचे स्लॉट घ्यायची, कारमध्ये यायची, लस घेऊन जायची, आणि गावचा म्हातारा केंद्राच्या पायरीवर. पुण्याच्या आसपास हे फार झालं. सर्वोच्च न्यायालयानंही ३१ मे २०२१ च्या आदेशात मोबाईल-इंटरनेट नसलेल्यांचं काय, असं केंद्राला विचारलं. २१ जूनपासून केंद्रानं सगळ्यांना मोफत लस दिली, जागेवर नोंदणी सुरू झाली, आणि गाडी रुळावर आली. वर्षाच्या शेवटी तर लस शिल्लक आणि माणसं नाहीत, अशी वेळ आली. हिंगोली नगरपालिकेनं लस घेणाऱ्यांसाठी टीव्ही, वॉशिंग मशीनची बक्षिसं लावली. औरंगाबादेत लस नसेल तर रेशन-पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. आपल्याकडं बक्षीस, तिकडं धाक. मला आपलं बरं वाटलं.

लसीवर आजही गावात दोन मतं आहेत, पण फुकट मिळाली, घराजवळ मिळाली आणि नाव लिहून कागद हातात मिळाला. त्यामुळं इथं नाराजी कमी राहिली.

मेलेल्यांचा हिशोब

राज्याच्या आकड्यात हिंगोली जिल्ह्यात कोरोनानं सुमारे ५०० माणसं गेली. मराठवाड्यात हा आकडा कमी दिसतो. पण ज्यांचं माणूस घरीच गेलं, ज्यांच्याकडं स्कोअर होता पण आरटीपीसीआर नव्हती, ज्यांच्या दाखल्यावर 'हृदयविकार' लिहिलं, त्यांचं काय?

याचं थोडं उत्तर कोर्टामुळं मिळालं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृताच्या वारसाला ५०,००० रुपये द्यायचं ठरलं. तपासणीपासून ३० दिवसांत गेलेला माणूस, दवाखान्यात गेला काय किंवा घरी गेला काय, कोरोनाचाच धरायचा. दाखल्यावर कोरोना लिहिलं नाही म्हणून अर्ज नाकारता येणार नाही. राज्यानं नोव्हेंबर २०२१ मध्ये आदेश काढला. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर जो आकडा आला तो बघा : महाराष्ट्रात अधिकृत मृत्यू १ लाख ४१ हजार ७३७, आणि अर्ज २ लाख १३ हजार ८९०. बहात्तर हजार अर्ज जास्त. काही दोनदा भरलेले असतील, काही चुकीचे असतील. तरी एवढा फरक म्हणजे मोजण्यातून बरीच माणसं सुटली होती.

हे पैसे ज्यांना मिळाले त्यांना ते कधी विचारून बघा. कुणी म्हणत नाही की सरकारनं खूप दिलं. पण 'नोंद झाली' असं म्हणतात. आपलं माणूस कशानं गेलं हे सरकारनं मान्य केलं, याला त्या घरात किंमत आहे.

त्यानंतर काय बदललं

दवाखान्यात माणसं कमी आहेत हे कोरोनानं सगळ्यांना दाखवलं. मग भरती निघाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आरोग्य विभागाची परीक्षा झाली आणि पेपर फुटला. चौकशीत खात्यातलीच माणसं सापडली, परीक्षा रद्द झाली. नांदेड-हिंगोलीत खोली करून अभ्यास करणाऱ्या आपल्या पोरापोरींची दोन वर्षं त्यात गेली. पुन्हा जाहिरात आली २०२३ मध्ये, १०,९४९ पदांची. कोरोनात कंत्राटावर घेतलेल्या सिस्टर, वॉर्डबॉयना लाट ओसरल्यावर घरी पाठवलं, तो विषय तर कुणी काढतच नाही.

३० सप्टेंबर-१ ऑक्टोबर २०२३ ला नांदेडच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात २४ तासांत २४ जण गेले, त्यात १२ नवजात बाळं. तिथं आपल्या जिल्ह्यातलेही पेशंट जातात. तेव्हाचे हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील तिथं गेले आणि अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. व्हिडिओ खूप फिरला, काहींना बरंही वाटलं. त्यानं औषधाचा साठा वाढला नाही की नर्सची जागा भरली नाही.

९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते ऑनलाइन दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात हिंगोली आहे. १०० जागांचं कॉलेज. ही मोठी गोष्ट आहे, उगाच नाकं मुरडायची गरज नाही. हिंगोली-नांदेड ऐंशी-नव्वद किलोमीटर अंतर, त्यात गेलेला वेळ म्हणजे काय, हे २०२१ मध्ये कळलंय. आता बघायचं ते एवढंच की रात्रपाळीला तिथं तज्ज्ञ डॉक्टर असतो का, की तिथूनही 'नांदेडला न्या' अशीच चिठ्ठी मिळते.

आपल्या हातात काय आहे

आपण समाधानी आहोत का, हे विचारायची एक पद्धत महाराष्ट्रातच तयार झालेली आहे. २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. गावकरीच आपल्या आरोग्य केंद्राला मार्क द्यायचे : चांगलं असेल तर हिरवं, मधलं पिवळं, वाईट लाल. मग जनसुनवाई, डॉक्टर आणि अधिकारी समोर बसून उत्तर देणार. बाहेरून औषध आणायला लावणं, बाळंतपणाचे पैसे मागणं, असले प्रकार तिथं सगळ्यांसमोर निघाले. मराठवाड्यातून त्या पहिल्या पाचात उस्मानाबाद होतं, हिंगोली नव्हती.

त्यासाठी सरकारच्या आदेशाची वाट बघायचं कारण नाही. नियमानं साधारण ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० ला एक उपकेंद्र पाहिजे. जिल्ह्याची गावाकडची लोकसंख्या २०११ लाच १० लाखांच्या घरात होती, म्हणजे तेहतीसेक केंद्रं तेव्हाच पाहिजे होती. आपल्या तालुक्यातली बोटावर मोजून बघा. ही केंद्रं जिल्हा परिषदेकडं असतात, आणि परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून कारभार प्रशासकाकडं गेला. म्हणून गावानं स्वतः विचारणं जास्त महत्त्वाचं.

गावात 'ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती' असते. तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत खुला निधी येतो. समितीत कोण आहे, पैसे कशावर गेले, हे ग्रामसभेत विचारता येतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातल्या कोणत्याही ग्रामसभेला तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अॅम्ब्युलन्सला १०८, आरोग्याच्या सल्ल्याला १०४ आणि फुले योजनेच्या चौकशी-तक्रारीला १५५३८८ हे नंबर मोबाईलमध्ये नावानं सेव्ह करा. योजनेची मर्यादा २०२३ च्या निर्णयानं कुटुंबाला वर्षाला ५ लाख झाली आहे. भरती होतानाच 'आरोग्यमित्र कुठं बसतो' हे विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. आणि कच्ची चिठ्ठी घेऊन पैसे देऊ नका, पक्कं बिल मागा.